टॉय हॉलरच्या रॅम्पचं दार: पत्रा ठोकायच्या आधी टेकू द्या

इथे अमेरिकेत ज्याला टॉय हॉलर म्हणतात तो म्हणजे मागे गॅरेज असलेला कॅम्पर, म्हणजे पिकअपमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर, मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचाच रॅम्प होतो, त्यावरून साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची छोटी ऑफ-रोड गाडी), बाइक, गोल्फ कार्ट आत चढवायची. आम्ही अ‍ॅरिझोनात राहतो, थंडीत कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत जातो. सेकंडहँड ट्रेलर घेतला आणि पहिल्याच वेळी गाडी चढवताना दार मधे असं काही वाकलं की बायको म्हणाली तू उतर आधी.

तर पहिलं काम, दारावरचा किंवा गॅरेजमधला वजनाच्या लिमिटचा स्टिकर शोधा. बऱ्याच दारांची लिमिट २,००० ते ३,००० पौंड असते, म्हणजे साधारण ९०० ते १,३६० किलो. आणि गाडीचं वजन कंपनीच्या ब्रोशरमधलं धरू नका, ते बहुतेक वेळा कोरडं असतं, त्यात पेट्रोल, छत, स्पेअर टायर, विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र), कूलर काहीच नसतं. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी नेऊन वजन करा, थोडेच डॉलर लागतात.

आता एक गंमत जी मला उशिरा कळली. रॅम्प असतो ७ फुटांच्या आसपास, म्हणजे ८४ इंच. चार सीटवाल्या मोठ्या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११५ इंचांच्या वर जातो, म्हणजे मागची चाकं रॅम्पवर यायच्या आत पुढची चाकं आत फ्लोअरवर पोचलेली असतात आणि दारावर एका वेळी एकच अ‍ॅक्सल. उलट गोल्फ कार्ट किंवा छोटा ट्रॅक्टर आखूड, त्याची चारही चाकं एकदम दारावर. त्यामुळे आखूड आणि जड गाडी असेल तर जास्त जपा.

मग दार तपासा. आत अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलची फ्रेम, मधे फोम, वर प्लायवूड असं सँडविच असतं. पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून आणि बिजागरीजवळून. टोच्याने जागोजागी दाबून बघा, भुसभुशीत लागलं तर तेवढं प्लाय कापून काढा, सुकू द्या, नवीन घाला. कुजलेल्यावर पत्रा मारणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग. आमच्या दाराचा खालचा डावा कोपरा पूर्ण गेलेला होता, विकणाऱ्याने वर छान काळी मॅट चिकटवलेली.

लोक सगळ्यात आधी अख्ख्या दारावर पाऊण इंची प्लाय ठोकतात. करू नका!! ८ बाय ७ फुटांना ते सव्वाशे पौंडांच्या घरात जातं, दाराची स्प्रिंग तेवढ्यासाठी सेट केलेली नसते, मग दार वर करायला दोन माणसं लागतात आणि हातातून सुटलं तर धाडकन खाली येतं. स्प्रिंग स्वतः आवळायला जाऊ नका, टॉर्शन (पीळ भरलेली) स्प्रिंग हात मोडू शकते.

त्यापेक्षा खालून टेकू. दार जमिनीवर टेकलं की मधोमध, जिथून चाकं जातात त्या दोन्ही रेषांखाली, लाकडी ठोकळे किंवा स्क्रूने वर-खाली होणारे स्टॅबिलायझर स्टँड लावायचे. दोन आधारांमधलं अंतर अर्धं झालं की तेवढ्याच वजनाला वाक साधारण आठवा हिस्सा उरतो. खर्च जवळजवळ शून्य. वाळूत मात्र ठोकळ्याखाली रुंद फळी टाका नाहीतर टेकूच रुतून बसतो.

एवढ्यावर भागलं नाही तर मग चाकांच्या दोन पट्ट्यांवरच १/८ इंची अ‍ॅल्युमिनियम चेकर्ड प्लेट, १६ इंच रुंद. दोन्ही मिळून ३५ पौंडांच्या आसपास. स्क्रू नको, आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज सैल न होणारा), आणि बोल्ट शक्यतो आतल्या फ्रेमच्या पाइपातून जाऊ द्या (फ्रेम स्टीलची असेल तर लोहचुंबकाने सापडते, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर स्क्रूंची रांग बघायची). फ्रेम नसलेल्या जागी बोल्ट आवळला की आतला फोम दबतो आणि बाहेरचा पत्रा खड्ड्यासारखा आत जातो, म्हणून भोकात दाराच्या जाडीएवढा धातूच्या पाइपचा तुकडा घाला आणि मग आवळा. प्रत्येक भोकाला ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), नाहीतर पुन्हा तीच कुजकी कथा. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील थेट भिडू देऊ नका, ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

बिजागरी विसरू नका, तिचे स्क्रू सैल असले तर वरचं सगळं फुकट. दाराच्या बाजूच्या केबल पॅटिओसाठी, म्हणजे दार आडवं ठेवून ओट्यासारखं वापरायला असतात. दार हवेत आडवं ठेवून त्यावर गाडी कधीही नाही, खुर्च्या टाकून चहा प्यायला ठीक.

चढवताना ट्रेलर पिकअपला जोडलेलाच हवा आणि मागचे जॅक खाली, नाहीतर मागे वजन आलं की ट्रेलरचं नाक वर उचलतं. पहिल्यांदा गाडी चालवत नेऊ नका, विंचने हळू ओढा, दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत सुतळी ताणून बांधा आणि एकाने बाजूला उभं राहून मधे किती खाली जातंय ते बघा. आमचं आधी जवळजवळ दीड इंच जायचं, आता सुतळीला बोट लावून बघावं लागतं.

आणि एवढं करूनही स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. गाडी त्याहून जड असेल तर दारावर जोर न देता थेट फ्लोअरच्या काठावर आणि जमिनीवर टेकणारे वेगळे जाड अ‍ॅल्युमिनियम रॅम्प घ्या, आणि ट्रेलरची स्वतःची एकूण वजनाची लिमिट तेव्हाच बघून घ्या.