काठमांडूचा एक दिवस, आणि आधी पट्टा

आधी पट्टा. चामड्याचा कमरपट्टा. काठमांडूला निघताना ब्रश, टॉवेल, चार्जर, काहीही विसरलात तरी तिथे मिळेल. पण पट्टा कमरेला तसाच राहिला तर पशुपतिनाथाच्या दारातून मागे फिराल. मी फिरलो. कोल्हापुरातून एवढा प्रवास करून गेलो आणि पशुपतिनाथ न बघता परत आलो. आमच्या घरात हा विषय अजून दिवाळीच्या फराळाबरोबर निघतो.

येत्या कार्तिकात परत चाललोय. या वेळी व्याही, विहीणबाई आणि त्यांच्याकडची चार माणसं बरोबर आहेत. सगळ्यांनी "काय काय घ्यायचं ते लिहून पाठवा" म्हटलं, म्हणून हे लिहितोय. काठमांडूत आपल्याला एकच दिवस आहे आणि त्यात पशुपतिनाथ, गुह्येश्वरी देवी, बौद्ध म्हणजे बौद्धनाथचा स्तूप, टेकडीवरचा स्वयंभू स्तूप आणि हनुमान ढोका म्हणजे जुना दरबार चौक बसवायचंय. बसतं. पण सकाळ हुकली की सगळाच दिवस हुकतो.

मागच्या वेळी काय झालं ते सांगतो. देवळात चपला काढायच्या हे पक्कं डोक्यात होतं. कोल्हापुरी बाहेर काढली आणि माझ्या मते चामड्याचा विषय तिथेच मिटला. दारावरचा शिपाई माझ्या कमरेकडे बोट दाखवून "पेटी, पेटी" म्हणाला. मी म्हटलं, पेटी कुठली, सामान तर हॉटेलवर आहे. नेपाळीत पट्ट्याला पेटी म्हणतात, हे मला तिथे कळलं. मग एकेक बाहेर येऊ लागलं: चार पट्टे, तीन पाकिटं, बायकोची पर्स, मेहुण्यांच्या फोनचं कव्हर. सामान ठेवायच्या खिडकीपाशी ही रांग. गाइड केव्हाच आत गेला होता. मी मोठ्या मनाने म्हटलं, तुम्ही सगळे जाऊन या, मी हे सांभाळतो. ते बाहेर आले तेव्हा माझ्या घड्याळात पावणेबारा वाजून गेले होते. तेवढ्यात जाऊन येतो म्हटलं. पण घड्याळ भारताचं होतं. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे आहे. तिथे बारा वाजून गेले होते आणि गाभारा दुपारी बंद होतो.

तेव्हा पट्टा घरी ठेवा. "बॅगेत ठेवतो, तिथे गेल्यावर काढतो" हे नको. बॅगेतलं चामडंही चामडंच, आणि बॅग आत नेताना तेच विचारणार. पाकीट कापडी घ्या, बायकांनी पर्सऐवजी कापडी बटवा किंवा शबनम. रेक्झिनचंही नको. ते दिसतं चामड्यासारखं, आणि दाराशी वास घेऊन खातरजमा करत बसायला मागच्या रांगेला वेळ नसतो. पुरुषांनी नाडीचा लेंगा किंवा इलॅस्टिकची पँट घालावी. व्याह्यांना ही सूचना आवडणार नाही, माहीत आहे. पण पट्ट्याशिवाय सैल पँट एका हाताने धरून नमस्कार कसा करायचा, ते त्यांनीच सांगावं.

कागदपत्रं. व्हिसा लागत नाही म्हणून लोक आधार कार्ड घेऊन विमानतळावर येतात आणि अडकतात. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आणि तेही मूळ. झेरॉक्स नको, फोनमधला फोटो नको. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांपुढच्या माणसांना आधार चालतं, मधल्यांना नाही. व्याही ६३ चे आहेत, त्यांनी स्वतःला ज्येष्ठ समजू नये. हेच ओळखपत्र दिवसभर खिशात ठेवायचं, कारण बौद्धला, स्वयंभूला आणि दरबार चौकात तिकीट आहे आणि सार्क देशांच्या नागरिकांना ते स्वस्त पडतं. ओळखपत्र नसलं की भारतीय असल्याचं कपाळावर लिहिलेलं नसतं.

पैसे. भारताचे १०० म्हणजे नेपाळचे १६०, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, त्यामुळे शंभराच्या नोटा न्या, भरपूर न्या. काही ठिकाणी क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, पण त्याला फोनचं नेट लागतं आणि नेटला रोमिंग, त्यामुळे त्याच्या भरवशावर निघू नका. टॅक्सीवाल्याशी, दुकानदाराशी भाव ठरवताना "आयसी की एनसी?" हा प्रश्न आधी विचारायचा. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. न विचारता हजारावर सौदा केलात आणि समोरचा आयसी म्हणाला, तर सोळाशे गेले. टॅक्सी दिवसभरासाठी आदल्या रात्री ठरवा. थांबण्याचे पैसे धरून ठरवा. या नोटा कापडी पाकिटात, हे परत सांगायला लागू नये.

घड्याळं पंधरा मिनिटं पुढे. आजच करून टाका, उशीर तरी होणार नाही.

वार बघा. शनिवारी नेपाळात सुट्टी असते आणि सोमवार शंकराचा, म्हणून या दोन्ही दिवशी पशुपतिनाथाला गर्दी. आपण आठवड्याच्या मधला वार धरलाय, तो कुणी बदलू नये. कार्तिकात आकाश स्वच्छ असतं, पण शहर साधारण १,४०० मीटरवर आहे, पहाटे थंडी वाजते. स्वेटर, आणि धुळीसाठी मास्क. बूट नाडीचे नकोत, दिवसभर काढणं-घालणं आहे.

सकाळी साडेपाचला हॉटेलमधून निघायचं. चहा तिथे घेऊ. मागच्या वेळी आम्हाला आधी बौद्धला नेलं आणि पशुपतिनाथाला सव्वाअकराला सोडलं, तिथेच घोळ झाला. पशुपतिनाथ पहिला, बाकी सगळं नंतर. निघताना दारात उभं राहून मी प्रत्येकाची कंबर बघणार आहे, विहीणबाईंनी राग मानू नये, त्यांची फक्त पर्स बघेन.

आतलं मी पाहिलेलं नाही, पण बायकोने इतक्यांदा ऐकवलंय की पाठ झालंय. पश्चिमेच्या दाराशी सोन्याच्या मुलाम्याचा प्रचंड नंदी, त्याच्या पाठीमागून देवळात जायचं. वर दोन मजली छप्पर, तांब्याचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. चार दिशांना चार चांदीचे दरवाजे, कारण लिंगाला चार मुखं आहेत, पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव. पाचवं ईशान वर, ते दिसत नाही. तेव्हा एका दारातून हात जोडून बाहेर पळू नका, चारही दारांशी जा. पूजा करणारे भट्ट दक्षिण भारतातून आणण्याची जुनी परंपरा आहे. आत फोटो बंद. मुख्य देवळात फक्त हिंदूंना प्रवेश आहे, बरोबर दुसरं कोणी असेल तर त्यांनी नदीच्या पलीकडच्या तीरावरून बघायचं, देऊळ तिथूनही छान दिसतं म्हणतात. मी मात्र फक्त दार पाहिलं, चार पट्टे मांडीवर घेऊन.

खाली बागमतीच्या घाटावर चिता जळत असतात. मुलांना आधी सांगून ठेवा, तिथे गेल्यावर समजावत बसू नका. आणि फोन वर करू नका. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं.

काही कारणाने सकाळ चुकलीच, तर देऊळ संध्याकाळी परत उघडतं आणि घाटावर आरतीही होते. मागच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही शाली बघत बसलो होतो.

गुह्येश्वरी तिथून चालत, नदीच्या कडेने. देवीचं शक्तिपीठ. इथेही आत फक्त हिंदू. तिथून पुढे बौद्ध साधारण दोन किलोमीटर, पाय धड असतील त्यांनी चालत यावं, बाकीच्यांनी टॅक्सीने.

बौद्धला माणसं पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. तसं करू नका. साधारण ३६ मीटर उंच स्तूप आहे, पण त्याची उंची खाली उभं राहून कळत नाही, भोवतीने चालताना कळते. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप उजव्या हाताला ठेवून. मणीचक्रंही, म्हणजे मंत्र लिहिलेली फिरती नळकांडी, त्याच दिशेने फिरवायची. उलट्या दिशेने चालणारी माणसं सगळ्यांच्या अंगावर येतात आणि ती बहुतेक आपलीच असतात. १९५९ नंतर तिबेटमधून आलेली कुटुंबं या परिसरात वसली, म्हणून दुकानं, जेवण, भाषा सगळं तिबेटी. २०१५ च्या भूकंपात वरच्या कळसाला तडे गेले होते. तो उतरवून नवा बांधला, २०१६ च्या नोव्हेंबरात पुन्हा खुला झाला.

आणि डोळे बघा. चौकोनी भागावर चारी बाजूंना बुद्धाचे डोळे रंगवलेत आणि नाकाच्या जागी एक आकडा आहे. परदेशी पाहुण्यांना गाइड समजावून सांगतो की हा नेपाळी एक आहे. आपल्याला सांगावं लागत नाही, तो सरळ आपल्या बालवाडीतला १ आहे. मी मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवला. इथे पट्टा चालतो बरं का. माझे चारही पट्टे इथे आत आले होते.

जेवण बौद्धच्या आसपासच, गच्चीवरच्या हॉटेलात. शाकाहारी माणसांनी मोमो मागवताना "बफ" शब्द ऐकला की थांबायचं. बफ म्हणजे म्हशीचं मांस. "व्हेज" एवढंच म्हणून गप्प बसू नका, ताट समोर आल्यावर पुन्हा विचारा. दही मिळालं तर घ्या, मातीच्या भांड्यातलं जुजू धौ, भक्तपूरचं. दीडच्या आत उठायचं.

स्वयंभू शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मधली वाहतूक पुण्यालाही लाजवेल अशी. तासभर धरा. पूर्वेकडून पायऱ्या आहेत, ३६५ म्हणतात, मी मोजल्या नाहीत. आपण टॅक्सी मागच्या बाजूने वरपर्यंत नेणार, गुडघ्यांवर वाद नको. माकडं! हातात पिशवी, केळी, प्रसाद काहीही नको, चष्मा सांभाळा. काठमांडूचं खोरं पूर्वी तळं होतं आणि मंजुश्री या बोधिसत्त्वाने चोभारचा डोंगर तलवारीने कापून पाणी काढलं, अशी कथा आहे. बागमती आजही त्याच चोभारच्या फटीतून बाहेर पडते, म्हणजे सकाळी घाटावर बघितलेलं पाणी तिकडूनच जातं. स्तूपाच्या अंगणातच हारतीचं देऊळ आहे, देवीच्या रोगापासून मुलांना राखणारी. तिथे हिंदू आणि बौद्ध एकाच रांगेत उभे असतात. नातवासाठी विहीणबाईंना तिथे थांबायचं असेल, थांबा, मी माकडं बघतो.

चारपर्यंत हनुमान ढोका, म्हणजे काठमांडूचा दरबार चौक. तिकीट, ओळखपत्र. कुमारी घर १७५७ चं. कुमारी ही शाक्य म्हणजे बौद्ध घराण्यातली मुलगी आणि तिची पूजा तलेजु भवानी म्हणून होते. ती खिडकीत आली तर फोटो काढायचा नाही, फोन खिशातच असू द्या. तलेजुचं देऊळ १५६४ चं, पण सर्वसामान्यांना दसऱ्याच्या दिवसांत एकदाच उघडतं, तेव्हा बाहेरूनच नमस्कार. नाव ऐकून तुळजापूर आठवतंच. काळभैरवाची मोठी दगडी मूर्ती उघड्यावर आहे. ज्या काष्ठमंडपावरून, म्हणजे लाकडी मंडपावरून, शहराला नाव पडलं तो २०१५ मध्ये पडला होता, आता परत उभा आहे. बघून घ्या.

पाय उरले तर इंद्रचौकातून असन बाजाराकडे जाताना जनबहाल हा देवळाचा चौक लागतो. तिथे सेतो मच्छिंद्रनाथ, पांढऱ्या मुखाचा. नवनाथांतला मच्छिंद्र म्हणून आपण हात जोडतो, शेजारचा नेवार, म्हणजे इथला मूळ रहिवासी, त्यालाच करुणामय अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व म्हणून जोडतो. अंधार पडायच्या आत गेलात तर बरं. बुढानीळकंठ, ते शेषशायी विष्णूचं देऊळ, या दिवसात बसत नाही, शहराच्या उत्तरेला लांब आहे, हट्ट करू नका.

रुद्राक्ष, शाली, मूर्ती ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्याव्यात. रात्री नऊला झोपायचं, सकाळची बस आहे.

आणि व्याह्यांचं ते लग्नातलं सोनेरी घड्याळ. त्यालाही चामड्याचा पट्टा आहे, मी बघितलाय.