हीट पंपाला घाई चालत नाही

मी लहान असताना आमच्या फोंड्याकडच्या घरात, न्हाणीत तांब्याचं भाण होतं. खाली नारळाची सोडणं आणि चुडतं धुमसत असायची. पहाटे पेटवलेल्या भाणातलं पाणी दुपारी दोनलाही हाताला ऊन लागे. मग गीझर आला आणि बटण दाबलं की दहा मिनिटांत वाफा, अशी सगळ्यांना सवय लागली. चार वर्षांपूर्वी पाणी तापवणारा, 200 लिटरच्या टाकीचा हीट पंप बसवला तेव्हा पहिली ही सवय मोडावी लागली. हे यंत्र भाणाच्या जातीचं आहे. सावकाश तापवा, साठवा, पुरवून वापरा.

मी तीस वर्षं फ्रीज आणि एसी दुरुस्त केले, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फ्रीज आतली उष्णता काढून पाठीमागे टाकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात घालतो. वीज लागते ती फक्त हमालीची. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. आपल्या दमट हवेला आपण नावं ठेवतो, पण पंपाच्या गार कॉइलवर, म्हणजे हवा ओढणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बाष्पाचं पाणी होताना तीही आपली उष्णता देऊन जाते.

हिशेब करून बघा. 200 लिटर पाणी 27 अंशांवरून 50 वर न्यायला साधारण 5.4 युनिट उष्णता लागते. साधा गीझर ती सगळी मीटरवरून घेतो. पंपाचं दीड-पावणेदोन युनिटांत भागतं.

मात्र पाणी जितकं जास्त तापवाल, तितकी ही कमाई घटते, कारण कॉम्प्रेसरला चढ जास्त पडतो. बसवणारा माणूस 60 लावून गेला होता, मी 50 वर आणलं. अंघोळीला 40 चं पाणी पुरतं, मग 60 चं करून त्यात गार ओतायचं कशाला? माझा पुतण्या जर्मनीत असतो. त्याच्या घरात फरशीखाली नळ्या आहेत आणि हीट पंप त्यांत 35 अंशांच्या आसपासचं पाणी फिरवतो. अख्खी फरशीच तापते, म्हणून कोमट पाण्यावर घर उबदार राहतं. थंडीत तो पंप रोज बंद-चालू करत नाही, मंद चालू ठेवतो. तिथली थंडी आणि इथला उकाडा, पण तत्त्व एकच. फक्त आठवड्यातून एकदा टाकी 60 पर्यंत जाऊ द्या. साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

तापवायची वेळ दुपारची, कारण ऊबदार हवेतून उष्णता सहज निघते. जानेवारीत पहाटे 20 अंश असतात, दुपारी 30 च्या वर. मी टायमर 12 ते 4 लावलाय. टाकीला चांगलं आवरण असेल तर सकाळपर्यंत दोन-तीन अंशच उतरतात.

आता माझा मनस्ताप. टाकीत मदतीला विजेचा रॉडही असतो. तो 'ऑटो'वर राहिला होता आणि पंप जरा मागे पडला की लगेच पेटायचा. पहिलं बिल बघून बायकोने विचारलं, "हेच का तुमचं वीज वाचवणं?" तो स्विच बंद ठेवा.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. यंत्र ओलं होऊ नये म्हणून ते बंद कोठाराच्या खोलीत ठेवलं. ते गार हवा सोडतं आणि तीच परत ओढतं. तासाभरात खोली थंडगार आणि पाणी मात्र कोमटच. मग मागीलदारी, छपराखाली, तिन्ही बाजूंनी मोकळं बसवलं. पावसाळ्यात कॉइलवरून रोज तांब्या-दोन तांबे पाणी गळतं. त्याच्या नळीला उतार द्या. माझ्याकडे तो नव्हता, तर चिऱ्याच्या भिंतीवर महिन्याभरात शेवाळ चढलं. आता ते पाणी अबोलीला जातं.

टाकी न्हाणीजवळच असू द्या. 12 मीटर लांब, 15 मिलिमीटरच्या नळीत दोनेक लिटर पाणी राहतं आणि दर वेळी तेवढं ऊन पाणी नळीतच निवतं. नळीला फोमचं आवरण घाला. समुद्राजवळ राहत असाल तर कॉइलच्या पात्यांवर मीठ बसतं, ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

नरकचतुर्दशीला मात्र नियम मोडतो. आदल्या दुपारी 60 लावतो. 50 वर पंधराएक बादल्या निघतात, 60 वर वीसच्या पुढे जातात. पहाटे कारीट फोडून अकरा जण न्हातात, तरी पुरतं.

आणि अ‍ॅनोड. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा किंचित आम्ल असतं, ते तिला लवकर खातं. वीज बंद करा, आत येणारा नळ बंद करा, ऊन पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, खालून बादलीभर पाणी काढा आणि मग पान्याने बोल्ट सैल करा. दीड वर्षाने मी काढली तेव्हा अंगठ्याएवढी जाड कांडी मधोमध आतल्या तारेपर्यंत उतरली होती. नवी घालताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि तारीख खडूने टाकीवर लिहून ठेवली.