शोध-बचावाच्या आढाव्याला निवेदन देताय? या चुका टाळा

मासेमारी हंगामाच्या तोंडावर, नाहीतर एखादी नौका बुडाल्यावर, समुद्रातल्या शोध-बचावाचा सरकारी आढावा लागतो. तटरक्षक दल, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय खातं, मेरीटाईम बोर्ड असे सगळे एका टेबलाला बसतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मच्छीमार सोसायट्या निवेदनं घेऊन जातात आणि त्यातली बरीचशी दोन मिनिटांत फायलीला लागतात. मागणी चुकीची असते असं नाही. वाचणाऱ्याला त्यातून काही करताच येत नाही.

“मदत उशिरा आली” एवढंच लिहिणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. उशीर चार ठिकाणी होऊ शकतो: बोटीवरून पहिला संदेश निघेपर्यंत, तो बचाव केंद्राला कळेपर्यंत, जहाज किंवा हेलिकॉप्टर सुटेपर्यंत आणि ते पोचून बोट सापडेपर्यंत. नेहमी घडतं ते असं. इंजिन बंद, पाणी आत येतंय. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, घरी मोबाईल लावतो. घरचे सोसायटीच्या चेअरमनला, चेअरमन ओळखीच्या पुढाऱ्याला, पुढारी पोलीस ठाण्याला, तिथून तटरक्षक दलाला. यात दोन तास सहज जातात. निवेदनात मात्र छापलं जातं, “तटरक्षक दल अडीच तास आलं नाही.” बैठकीत केंद्राची नोंदवही उघडते: फोन ४ वाजून १० मिनिटांनी आला, ४.३५ ला जहाज निघालं. झालं, सोसायटी गप्प. त्या बोटीचा वायरलेस किनाऱ्यावर कुणालाच का ऐकू गेला नाही, हा खरा प्रश्न विचारायचाच राहतो.

उपाय म्हणजे पेन्सिल आणि वही. पेन नको, ओल्या हाताला शाई टिकत नाही. या चारही टप्प्यांच्या वेळा चार ओळींत लिहा, पुढे कुणी कुणाला कळवलं ते लिहा. मोबाईलमधल्या कॉलच्या यादीचे फोटो त्याच रात्री काढा. डॅट किंवा इपर्बवरून (उपग्रहाला आणीबाणीचा संकेत देणाऱ्या बोटीवरच्या बीकनवरून) संकेत गेला असेल तर उपग्रहाच्या नोंदीतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. हे न केल्यामुळे भर बैठकीत भांडणं लागतात. आणि घरी फोन नंतर करा. आधी वायरलेसवर आणीबाणीचा चॅनल १६, मग तटरक्षक दलाचा १५५४. सागरी पोलिसांचा १०९३ आहेच, पण समुद्रातल्या शोध-बचावाचं समन्वयन तटरक्षक दल करतं.

जागा “जयगडसमोर, २० वावात” अशी सांगणं

वाव म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप. एकाच खोलीची रेघ किनाऱ्याला धरून मैलोन्मैल जाते, तिच्यावर बोट कुठे शोधायची? आकडे देणारेही घोळ घालतात. जीपीएसवर अक्षांश १७ अंश ३०.५ मिनिटं दिसतो (एका अंशाची ६० मिनिटं), फोनवर घाईत “सतरा पॉइंट तीनशे पाच” सांगितलं जातं. ऐकणारा १७.३०५ अंश लिहितो, म्हणजे १७ अंश १८.३ मिनिटं. एका दशांश चिन्हापायी बोट १२.२ सागरी मैल, सुमारे साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला सरकली. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ शोधायचं तर ४६७ चौरस सागरी मैल पाणी होतं, आणि तोवर बोट वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहतेच आहे. निवेदनात आणि वायरलेसवर “अंश” आणि “मिनिट” हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारा. अंदाजे जागा असेल तर अंदाजे म्हणा. लाजण्यासारखं काही नाही, उलट शोधाचं क्षेत्र त्यावरूनच आखतात.

“प्रत्येक तालुक्याला हेलिकॉप्टर द्या”

टाळ्या मिळतात, हेलिकॉप्टर मिळत नाही. तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर साधारण १०० नॉटनं, म्हणजे तासाला १०० सागरी मैल, उडतं. किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर जायला ३६ मिनिटं, परतायला तेवढीच, शिवाय माणसं दोरानं उचलायला वेळ आणि हाताशी इंधन हवं. त्याला इंजिन एकच, त्यामुळे खोल समुद्रात मर्यादा येतात. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्या जातीची हेलिकॉप्टरं जमिनीवर बसवली गेली. म्हणून आढाव्यात विचारायचं ते असं: बदली हेलिकॉप्टर कुठून येणार, रात्री उचलायची सोय आहे का, आणि आमच्या बंदरापर्यंत किती मिनिटं?

त्याहून स्वस्त मागणी कुणी करत नाही. दोन नौकांचे अँटेना प्रत्येकी ४ मीटर उंचीवर असतील तर व्हीएचएफची, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसची, सरळ रेघ पावणेनऊ सागरी मैलांतच संपते. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीवर, सड्याच्या (किनाऱ्यावरच्या कातळी पठाराच्या) टोकाला, अँटेना लावला तर त्याच नौकेला साडेसव्वीस मैलांपर्यंत गाठता येतं. आपल्याकडे सडे काय कमी आहेत? पण मनोऱ्याची मागणी बातमीत शोभत नाही. मनोरा मागताना तिथे चोवीस तास ऐकणारा माणूसही मागा, नाहीतर नुसता खांब उभा राहील.

बाकीच्या, थोडक्यात

मागच्या वर्षीचंच निवेदन तारीख बदलून देणं. वाचणाऱ्याला कळतं.

विकलेल्या बोटीचा बीकन जुन्या मालकाच्याच नावावर ठेवणं. संकेत आला की फोन त्याला जातो, आणि तो सांगतो, “मी घरीच आहे.” नोंदणी आधी बदला, तक्रार मग करा.

डॅट चालतो का बघायला आणीबाणीचं बटण दाबणं. तपासणीची वेगळी सोय असते. दाबलं गेलंच तर बंद करून गप्प बसू नका, ताबडतोब १५५४ वर कळवा. असे खोटे संकेत आढाव्यात तुमच्याच खात्यावर मांडले जातात.

सगळ्या खात्यांना एकच कागद देणं. शोध-बचाव तटरक्षक दलाकडे, परवाना आणि मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय खात्याकडे, प्रवासी होड्या मेरीटाईम बोर्डाकडे. ज्याची मागणी त्याच्याच पानावर, आणि प्रत्येक पानाची पोच शिक्क्यासकट घ्या.