पोस्ट होल डिगर पीटीओवरून हायड्रॉलिकवर कसा न्यावा

पोस्ट होल डिगर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून खांबांसाठी खड्डे पाडणारं यंत्र. ते ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर, चालतं; तेच तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिकवर, कसं न्यावं ते इथे बघू. काळ्या रानात पीटीओवरचा डिगर तक्रार न करता चालतो. खरी अडचण मुरमात येते. बिट (जमिनीत शिरणारा स्क्रूसारखा भाग) दगडाखाली अडकलं की शिअर बोल्ट (जास्त जोर आला की आधी तुटावा म्हणून लावलेला) तुटतो. त्याच्या जागी कुणी हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला असेल तर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा गिअर जातो. बहुतेक ट्रॅक्टरच्या पीटीओला उलटी दिशा नसते, त्यामुळे फसलेलं बिट मोठा पाना लावून हाताने उलटं फिरवत काढावं लागतं.

हायड्रॉलिकवर गेल्यावर बिट लिव्हरने उलटं फिरतं. जोर मर्यादेबाहेर गेला की तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परततं, काही मोडत नाही. खड्डा मात्र लवकर होत नाही, थोडा उशीरच लागतो. केवळ वेगासाठी हा खर्च करू नये.

आधी हिशेब

पहिला मोह असतो ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक पॉइंटला मोटर (तेलाच्या दाबाने फिरणारी) जोडण्याचा. तिथून मिनिटाला २० लिटर तेल १५० बारने मिळालं, तर ताकद होते २० × १५० ÷ ६०० = ५ किलोवॉट, म्हणजे पावणेसात एचपीच्या आसपास. १२ इंची बिटाला मुरमात एवढ्याने भागत नाही. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत तेच तेल लिफ्टला आणि गिअरबॉक्सलाही असतं. कपलरमधून शिरलेली माती थेट तिथे पोचते. म्हणून पंप वेगळा, टाकीही वेगळी.

पीटीओच्या टोकावर १:३ वेगवाढ गिअरबॉक्स आणि त्यावर ४० सीसीचा, म्हणजे एका फेऱ्याला ४० सीसी तेल ढकलणारा, गिअर पंप बसवायचा. ५४० × ३ = १६२० फेरे, म्हणजे ६४.८ लिटर, गळती वजा जाता मिनिटाला ६० धरा. १५० बारला हे १५ किलोवॉट, २० एचपी. पंपाचा घाटा धरून पीटीओवर २५ एचपीच्या आतबाहेर बोजा येतो, तो ४५ एचपीचा ट्रॅक्टर सहज उचलतो.

डिगरचा गिअरबॉक्स काढू नका

मोठी मोटर थेट बिटावर बसवली तर काम सोपं दिसतं, पण साधी ऑर्बिट मोटर (हायड्रॉलिक मोटरचा नेहमीचा प्रकार) फिरवण्यासाठी असते. बिटाचं वजन आणि दगडाचे आडवे धक्के सोसायला नसते. आधी तिचं शाफ्ट सील जातं, मग बेअरिंग. डिगरच्या गिअरबॉक्सची बेअरिंगं मात्र याच कामासाठी बसवलेली असतात. म्हणून गिअरबॉक्स तसाच ठेवून फक्त इनपुटवर, पीटीओ शाफ्टच्या जागी, लहान मोटर लावायची.

मोटर घेण्यापूर्वी इनपुट हाताने फिरवून बिटाच्या एका फेऱ्याला किती फेरे लागतात ते मोजा. बहुतेक डिगरांत ते तीनच्या जवळपास भरतात. १६० सीसीची मोटर ६० लिटरवर ३७५ फेरे घेते, म्हणजे बिट १२५ने फिरतं. मोटरचा टॉर्क १६० × १५० ÷ ६२.८ = ३८२ न्यूटन-मीटर; प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के, म्हणजे ३२५ धरा. गिअरबॉक्समधून तिप्पट होऊन घर्षण वजा जाता बिटाला ९०० तरी मिळतो. नुसती काळी किंवा पोयटा असेल तर १२५ सीसी चालेल: बिट १६०ने फिरेल, जोर कमी मिळेल. मुरमाला १६०च बरी.

लागणारं सामान

मोटर ३२ मिमी शाफ्टची, दोन बोल्टच्या एसएई-ए फ्लँजची घ्या. शंभर मिमीच्या आत-बाहेरचं अंदाजी भोक पाडू नका: फ्लँजचा पायलट (भोकात बसणारा मधला गोल भाग) ८२.५ मिमी आणि बोल्टमधलं अंतर १०६.४ मिमी असतं. लिव्हर व्हॉल्व्ह एका स्पूलचा (तेलाची वाट बदलणारी आतली दांडी), ओपन सेंटर (लिव्हर मध्ये असताना पंपाचं तेल टाकीत जाऊ देणारा), मिनिटाला ८० लिटर क्षमतेचा, रिलीफसकट घ्या. दुकानात स्पष्ट सांगा, "मोटर स्पूल पाहिजे." सिलिंडरचा स्पूल बसवला तर लिव्हर मध्ये आणताच मोटर जागीच लॉक होते आणि धक्का कपलिंगवर बसतो.

- टाकी ८० लिटरची, तेल ६० लिटर. आपल्या उन्हाळ्याला व्हीजी ६८ (तेलाच्या दाटपणाचा आकडा)
- सक्शन होज दीड इंची, आत तारेचं वेटोळं असलेली. रिटर्न १ इंची. प्रेशरच्या होज पाऊण इंची डबल वायर
- सक्शनला १०० मेशची जाळी, रिटर्नला २५ मायक्रॉनचा फिल्टर
- ० ते २५० बारचा ग्लिसरीन गेज, मोटरच्या दोन्ही होजना क्विक कपलर

प्रेशरला अर्धा इंची होज स्वस्त पडते, पण ६० लिटर तेल तिच्यातून सेकंदाला जवळपास ८ मीटरने धावतं आणि दाब वाटेतच उष्णतेत जातो. पाऊण इंचीत हाच वेग साडेतीन मीटरवर येतो.

जोडणी

१. डिगर जमिनीवर आडवा ठेवा, पीटीओ शाफ्ट काढा. गिअरबॉक्सच्या इनपुट तोंडावरचे बोल्ट मोजून १२ मिमी प्लेटची ब्रॅकेट करून घ्या. लेथवाल्याला मोटरचं आणि गिअरबॉक्सचं भोक एकाच सेटिंगमध्ये बोअर करायला सांगा. दोन्ही शाफ्टच्या मध्यात फरक राहिला तर गिअरबॉक्सचं सील आधी गळतं, मग की-वे (चावीची खाच) खातो.

२. कपलिंग रबर स्पायडरचं घ्या. एका अर्ध्याला ३२ मिमी बोअर आणि १० मिमीची चावी, दुसऱ्याला १ ३/८ इंची ६ स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा). स्प्लाइन घरी कोरत बसू नका. जुन्या पीटीओ योकचं तोंड कापून वेल्ड केलं की काम होतं.

३. मोटर बसल्यावर डिगर उचलून ओळंबा लावा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. मोटर आणि ब्रॅकेट मिळून ११ किलो वजन डिगर ज्या पिनेवर लटकतो तिच्यापासून २५ सेंटिमीटर पुढे लटकतं आणि बिट चार-पाच अंशांनी तिरकं होतं. मग खड्डेही तिरके, आणि द्राक्षाच्या मांडवाचे अँगल ओळीत उभे राहत नाहीत. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तेवढंच वजन बोल्टने लावा.

४. टाकी मागच्या अॅक्सलवर यू-बोल्टने पकडलेल्या ब्रॅकेटवर बसवा. अॅक्सलच्या घराला वेल्डिंग किंवा भोक नको. टाकीचा तळ पंपाच्या वर हवा. रिटर्नचं तोंड तेलात बुडालेलं आणि सक्शनपासून लांब, मध्ये पडदा.

५. पंप घेताना फिरण्याची दिशा बघा: एका टप्प्याचा वेगवाढ गिअरबॉक्स पीटीओची दिशा उलटी करतो. पंपाचं अंग फिरू नये म्हणून साखळी बांधा, थोडी सैल. ताठ बांधली तर ती पीटीओच्या बेअरिंगला ओढते.

६. मोटरचा ड्रेन (आत गळलेलं तेल बाहेर काढणारं तोंड) पाव इंची होजने, फिल्टरला वळसा घालून, थेट टाकीत न्या. फिल्टर तुंबला की रिटर्नचा दाब वाढतो आणि ड्रेन नसेल तर तो शाफ्ट सीलवर येतो.

पहिल्यांदा चालू करताना

पंपाच्या सक्शन तोंडातून आधी तेल भरा. कोरडा पंप मिनिटभरातही ओरखडे धरतो. रिलीफ पूर्ण सैल, इंजिन १००० वर, लिव्हर मध्ये. दोन-तीन मिनिटांनी बिट हवेत दोन्ही दिशांना फिरवा. दिशा उलटी आली तर मोटरच्या दोन होज अदलाबदल करा, पंपाला हात लावू नका. तेलाची पातळी उतरली असेल, भर घाला.

रिलीफ लावायला मोटरचे दोन्ही कपलर सोडा, म्हणजे वाट बंद होते. लिव्हर ढकलून गेज बघत स्क्रू आवळा, १५० ते १६० बारला थांबा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच, कारण रिलीफवर अडून राहिलं की १५ किलोवॉट सगळे तेलात उष्णता होऊन उतरतात. ६० लिटर तेल मिनिटाला ९-१० अंशांनी तापतं. रानातही हेच: बिट अडलं की लिव्हर दाबून धरू नका, अर्धा फेरा उलटं घ्या, डिगर थोडा उचला, पुन्हा खाली सोडा. तेल ८० अंशांवर गेलं तर थांबा.

लिव्हर चालकाच्या हाताशीच हवा. वजन पडावं म्हणून डिगरच्या आडव्यावर माणूस उभा करायची सवय हायड्रॉलिकवर आल्यानेही धोक्याचीच राहते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक फटीतून १५० बारने सुटलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं आणि जखम वरून टाचणीएवढीच दिसते.

बिघाड झालाच तर

पंप कण्हतोय आणि तेलाला फेस: सक्शनच्या क्लिपमधून हवा जाते, तेल बाहेर गळत नसलं तरी. तेल दुधाळ: पाणी शिरलंय, बहुधा टाकीच्या झाकणातून. हवेत वेग बरोबर, बोजा आला की बिट थांबतं आणि गेज १०० च्या वर चढत नाही: रिलीफमध्ये कचरा अडकलाय किंवा पंप झिजलाय. कपलर सोडून पुन्हा दाब घ्या; तेव्हा १५० मिळाला तर दोष मोटरमध्ये. गेज १५० दाखवतो आणि तरीही बिट फिरत नाही, तर हायड्रॉलिकला दोष देऊ नका. बिटाची पाती बोथट झालेली असतात.