नेट का रखडतंय ते बघायला स्विचवर पोर्ट मिररिंग कसं लावावं

बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो की खानापूर-निपाणीकडची एखादी सहकारी सोसायटी, दुपारी काउंटरवर गर्दी झाली की तक्रार ठरलेली: "नेट परत अडकलं बघा!" सॉफ्टवेअरवाला लाइनला दोष देतो, लाइनवाला सॉफ्टवेअरला. तारेतून नेमकं काय जातंय ते बघितल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

नुसता लॅपटॉप स्विचला, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबल एकत्र येतात त्या डब्याला, जोडून मात्र ते दिसत नाही. कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर (केबलच्या खाचेवर) आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि ज्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) त्यालाच देतो. दुसऱ्यांच्या पॅकेटची प्रत आपल्या पोर्टवर मागून घ्यायची, त्यालाच पोर्ट मिररिंग म्हणतात. सिस्कोच्या स्विचवर याचं नाव स्पॅन. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून सेटिंग बदलता येतात असा, स्विच लागतो. साध्या स्विचवर ही सोय नसते.

आधी मॅनेजरची लेखी परवानगी घ्या. पॅकेटमध्ये सभासदांची माहिती असते, जुन्या सॉफ्टवेअरचे पासवर्डसुद्धा कधीकधी उघडे दिसतात. परवानगीशिवाय हे काम करूच नये.

मग कुठल्या पोर्टवर नजर ठेवायची ते ठरवा. नेट रखडण्याच्या तक्रारीत राउटरकडे जाणारा पोर्ट घ्यावा, पण राउटरच्या आतल्या बाजूचा. बाहेरच्या बाजूला बहुतेक ठिकाणी सगळी मशीन एकाच आयपी पत्त्याने दिसतात, मग कोण काय पाठवतंय ते कळायला मार्ग नाही. समजा राउटर २४ नंबरला आहे आणि १० नंबर रिकामा आहे. सिस्कोवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये दोन ओळी द्यायच्या:

मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४ बोथ
मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/१०

'बोथ' म्हणजे येणारी आणि जाणारी, दोन्ही पॅकेट. बाहेर येऊन 'शो मॉनिटर सेशन १' दिलं की लावलेलं सगळं समोर येतं. इतर कंपन्यांच्या स्विचवर हेच काम वेब पानावर मिररिंगच्या मेनूत होतं.

इथे एक गोष्ट सांभाळा. डेस्टिनेशन केलेला पोर्ट नेहमीचं काम सोडतो. त्यावरच्या लॅपटॉपला नेट मिळत नाही. त्याच लॅपटॉपवरून, त्याच पोर्टमधून स्विचमध्ये शिरला असाल तर दुसरी ओळ देताच बाहेर फेकले जाल. म्हणून कन्सोल केबल (स्विचच्या कन्सोल खाचेत थेट लावायची वेगळी केबल) वापरा, नाहीतर कमांड दुसऱ्या मशीनवरून द्या.

आता १० नंबरला लॅपटॉप लावून वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करा, तेही तक्रारीच्या वेळेलाच. सकाळच्या निवांत वेळेतलं कॅप्चर काही सांगत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स' उघडून बाइट्सच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणारा वर येतो. वर १९२.१६८.१.६४ असा पत्ता आला आणि तो कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा निघाला, तर अख्खं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढतंय आणि काउंटरचं काम त्यामागे खोळंबलंय, असा त्याचा अर्थ. असा कोणीच सापडला नाही, पण काळ्या पट्टीवर लाल अक्षरात 'टीसीपी रिट्रान्समिशन' (तेच पॅकेट परत पाठवलं) अशी ओळीमागून ओळ येत असेल, तर पॅकेट वाटेत गळतायत. मग लाइनवाल्याला बोलवा.

पॅकेट मिररमध्येही गळू शकतात. गिगाबिट पोर्टवर येणारं-जाणारं मिळून दोन गिगाबिटपर्यंत भरतं, तुमच्या पोर्टातून मात्र एकच बाहेर पडतं. भार जास्त असेल तर 'बोथ'ऐवजी 'आरएक्स' (येणारी) किंवा 'टीएक्स' (जाणारी), एकच दिशा घ्या. आणखी एक: खराब झालेल्या फ्रेम (तारेवरून पॅकेट ज्यात गुंडाळून जातं ते पाकीट) स्पॅन पुढे पाठवत नाही. केबलचा संशय असेल तर त्या पोर्टचे एरर काउंटर 'शो इंटरफेसेस'मध्ये बघा.

काम झालं की 'नो मॉनिटर सेशन १' द्या. सेशन तसंच राहिलं तर पुढच्या महिन्यात कोणी १० नंबरला नवा प्रिंटर जोडेल आणि तो का चालत नाही म्हणून दिवसभर केबल बदलत बसेल. कॅप्चरची फाइल मॅनेजरच्या ताब्यात द्या आणि लॅपटॉपवरून पुसून टाका.