देनारियस घेताना आधी कड बघा

रोमन सम्राटाचं चांदीचं नाणं पहिल्यांदा हातात आलं की नजर थेट चेहऱ्यावर जाते. माझीही जायची. आता मी नाणं दोन बोटांत उभं धरते आणि आधी कड बघते. नकली नाणं करणारा सगळी मेहनत चेहऱ्यावर घेतो, कडेपर्यंत येईतो त्याचा हात सैल पडतो.

देनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, हाताने घडवत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, मधे चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्या दणक्याने चांदी बाहेर सरकते, म्हणून कडेला अनेकदा चिरा पडतात आणि आकार नेमका गोल नसतो. ओतीव नकलेच्या कडेवर मात्र साच्याच्या जोडाची रेघ दिसते, नाहीतर ती घासून काढल्याच्या खुणा. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. हे बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

मग वजन. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडात, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅम चांदीत, ८४ देनारियस पडत. एक नाणं साधारण ३.९ ग्रॅमचं. इ.स. ६४ मध्ये नीरोने तेवढ्याच वजनात ९६ पाडायला सुरुवात केली आणि नाणं ३.४ ग्रॅमवर आलं. झिजेने थोडं कमी भरणारच, पण नीरोनंतरच्या सम्राट त्राजानचं चांगलं राखलेलं नाणं २.६ भरलं तर थांबा. आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा असू शकतो. तांबं चांदीपेक्षा हलकं, म्हणून ही तूट. सम्राटाचं नाक, कान अशा उंचवट्यांवर पत्रा आधी फाटतो आणि खालून लाल-हिरवी छटा डोकावते. अशी बनावट नाणी रोमन काळातही चालत. मला ती फार आवडतात, पण ती तशी सांगून विकलेली असावीत.

सुरुवात त्राजानपासून करा. त्याची नाणी भरपूर मिळतात, चांदी बरी असते आणि अक्षरं मोठी. माझ्याकडच्या एका नाण्यावर डावीकडून गोल वाचत गेलं की येतं: इम्प त्रायानो आउग गेर दाक, पुढे कॉस आणि पाचचा आकडा. ‘दाक’ म्हणजे डेशिया (आजच्या रोमेनियाचा प्रदेश) जिंकणारा. कॉस पाच म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, रोममधलं मोठं राजकीय पद. सहाव्यांदा तो ११२ मध्ये झाला, तेव्हा हे नाणं १०३ ते १११ मधलं. मागे तराजू घेतलेली एक्विटास, म्हणजे न्याय्यतेची देवी, आणि भोवती ‘एसपीक्यूआर ऑप्टिमो प्रिन्सिपि’: सेनेट आणि रोमन जनता, सर्वोत्तम राज्यकर्त्याला. नावही ‘त्रायानुस’ नाही, ‘त्रायानो’, म्हणजे ‘त्राजानला’, आहे: सेनेट आणि रोमन जनतेने त्राजानला अर्पण केलेलं, दोन्ही बाजू मिळून एकच वाक्य. ते पहिल्यांदा लागलं त्या रात्री मला झोप आली नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची सूची इंटरनेटवर फुकट आहे. घेण्यापूर्वी नाण्यावरचा लेख तिथे ताडून बघा.

पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळी नाण्यातली चांदी जेमतेम निम्म्यावर आली. त्याचा मुलगा काराकालाने २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेलं मोठं नाणं आणलं, आणि पुढे सम्राट गॅलिएनसच्या अखेरीस त्यात तांब्यावर चांदीची झिलईच काय ती उरली. तेव्हा उशिराच्या नाण्याचा रंग बघून खरंखोटं ठरवू नका.

सम्राट ओथोने ६९ साली जेमतेम तीन महिने राज्य केलं, म्हणून त्याचं नाणं दुर्मीळ. मी एका विक्रेत्याकडून ते घाईने घेतलं. काही महिन्यांनी एका लिलावात दुसरं दिसलं: तीच चीर, तोच ओरखडा, तसाच एका बाजूला सरकलेला चेहरा. ठसा दोन नाण्यांना एकच असू शकतो. चीर आणि ओरखडा नाही. दोन्ही खोटी. पैसे परत मिळाले नाहीत. आता दुर्मीळ सम्राट घेताना मी आधी जुन्या लिलावांची छायाचित्रं चाळते.

काळपट थर घासू नका, तो गेला की नाणं उघडं पडतं. जमिनीत शतकानुशतकं राहिलेली चांदी ठिसूळ होते, टणक फरशीवर पडली तर दोन तुकडे. खाली मऊ कापड पसरूनच हाताळा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. आधीचा मालक, लिलावाची पावती, जे कागद मिळतील ते मागून घ्या. देशोदेशी पुरावस्तूंचे कायदे कडक आहेत, आणि नाणं कुठून आलं हे त्या कागदांशिवाय कुणालाच दाखवता येत नाही. मी प्रत्येक नाण्याच्या पाकिटात त्याच्या कागदांची प्रत आणि वजनाची चिठ्ठी घडी करून ठेवते.