क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं तरी हे दोन आकडे बघा

सकाळी साडेसहाला नौपाड्यातल्या कुठल्यातरी जुन्या बिल्डिंगचे तीन जिने चढून मी बेल वाजवते. गेली एकोणीस वर्षं मी ठाण्यात घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. नौपाडा, चरई, कोपरी, खाडीपलीकडे कळवा. संध्याकाळी त्याच घरातून फोन येतो, “ताई, रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.२ आहे. ठीक आहे ना? ठळक अक्षरात काही छापलेलं नाही.”

क्रिएटिनिन ही किडनीचं काम कळायला करतात ती रक्ताची तपासणी. या प्रश्नाचं उत्तर मी आता वेळ काढून देते, कारण एकदा ते घाईत दिलं होतं. माझ्याच आईला. ती तेव्हा ६८ वर्षांची होती, बीपीची गोळी चालू होती, गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी जवळजवळ रोज घ्यायची. क्रिएटिनिन १.२ आलं, बाजूला छापलेली मर्यादाही १.२ पर्यंतच होती. “नॉर्मल आहे गं आई,” म्हणून मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. दोन वर्षांनी तोच आकडा १.९ झाला, तेव्हा डॉक्टरांनी जुना कागद मागितला आणि म्हणाले, हे तेव्हाच कळण्यासारखं होतं.

कसं, ते समजायला आधी किडनीचं काम डोळ्यांसमोर आणावं लागतं. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, फासळ्यांच्या खालच्या टोकाशी मुठीएवढे दोन अवयव. वजन प्रत्येकी साधारण १५० ग्रॅम. दर मिनिटाला लिटरभर रक्त त्यांतून जातं. एकेका किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात. लघवी मात्र होते दीड-दोन लिटर. दिवाळीच्या आधी आपण कपाट आवरतो ना, आधी सगळंच्या सगळं बाहेर काढतो आणि मग लागेल ते परत लावतो, तसं हे काम चालतं. पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ परत रक्तात जातं. युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचं पोटॅशियम आणि आम्ल बाहेर पडतं. शिवाय बीपी सांभाळणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाचं करून देणं आणि रक्त तयार करण्याचा निरोप देणारं हार्मोन बनवणं, हीही किडनीचीच कामं. म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊनही ज्यांचं हिमोग्लोबिन वर येत नाही, त्यांची किडनी एकदा बघून घ्यावी.

या गाळण्या इतक्या जास्तीच्या दिलेल्या आहेत की एक किडनी दान करून माणूस चांगला जगतो. पण त्यामुळेच निम्म्या गाळण्या गेल्या तरी दुखत नाही, खुपत नाही. पायाला सूज, मळमळ, अंगाला खाज ही लक्षणं बहुतेकदा फार उशिरा येतात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहेच, आणि इथे तर दुखतही नाही.

आता आकडा. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा कचरा. ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन थोडं जास्त असणारच. म्हणून पंचविशीतल्या तरुणाचं १.२ आणि माझ्या आईचं १.२ यांचा अर्थ एक नाही. वय आणि लिंग धरून हिशेब केला की त्या तरुणाची गाळण्याची क्षमता ८६ च्या आसपास निघते आणि आईची ४९. या हिशेबाच्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. किडनी किती टक्के काम करते, असं ढोबळमानाने समजलात तरी चालेल. पुष्कळ लॅब तो क्रिएटिनिनच्या खालीच छापतात. छापला नसेल तर मागा, किंवा डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. साठच्या वर आणि लघवीत काही दोष नसेल तर सहसा काळजी नाही. साठच्या खाली आला तर घाबरून न जाता तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, कारण जुलाब, ताप, आदल्या दिवशीचं भरपूर मटण किंवा जिममधला जोरदार व्यायाम यांनीही क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. तीन महिन्यांनंतरही साठच्या खालीच राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. तिसाच्या खाली आला की किडनीच्या डॉक्टरांकडे नियमित जायलाच हवं. पंधराच्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ जवळ येते.

दुसरा आकडा लघवीतला, आणि लोक चुकवतात तो हाच. गाळणी खराब व्हायला लागली की क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन गळायला लागतं. नेहमीच्या लघवी तपासणीची पट्टी थोडं अल्ब्युमिन पकडत नाही. तिथे ‘नील’ लिहून येतं आणि आपण निश्चिंत होतो. चिठ्ठीवर ‘युरिन एसीआर’ लिहून घ्या, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. तीसच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे जास्त आहे. ज्यांना शुगर किंवा बीपी आहे, घरात कुणाला किडनीचा आजार होता, त्यांनी वर्षातून एकदा ही लघवी आणि क्रिएटिनिन दोन्ही करायचं. मी बघते, शुगर वाढली की लोक दर तीन महिन्यांनी रक्त देतात; लघवीची डबी मात्र वर्षानुवर्षं कुणी मागत नाही.

नमुना कसा द्यायचा ते नीट सांगते, कारण इथेच निम्मी गडबड होते. कफ सिरपची धुतलेली बाटली आणू नका, लॅबमधून रुंद तोंडाची डबी घ्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी. आधी साध्या पाण्याने जागा धुवायची, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची, मग मधली धार डबीत धरायची, साधारण निम्मी भरली की बास. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाळी चालू असेल, ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा आदल्या दिवशी खूप पळापळ झाली असेल तर चार-पाच दिवस थांबा. दोन तासांच्या आत डबी लॅबमध्ये पोचवा. आणि घरी एक सहज बघता येण्यासारखी गोष्ट: कमोडमधला फेस पाणी सोडल्यावरही तसाच राहतोय, रोज राहतोय, तर तपासून घ्या.

नुकसान कशाने होतं? पहिला नंबर शुगरचा, दुसरा बीपीचा. हे आधी सापडलं तर हातात पुष्कळ असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या बीपीबरोबर गळतीही कमी करतात, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्यांनी किडनीची घसरण मंदावते. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढू शकतं. तेव्हा आपण होऊन गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना आकडा कळवा.

त्यानंतर मी दुखण्याच्या गोळ्यांचं नाव घेते, कारण ती माझ्या घरातली गोष्ट आहे. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडे येणारी रक्ताची धार बारीक करतात. धडधाकट माणसाने दोन दिवस घेतली तर सहसा काही होत नाही. पण बीपीची गोळी आणि लघवी जास्त करवणारी गोळी चालू असताना, जुलाब होऊन अंग कोरडं पडलेलं असताना, वर ही गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की किडनी एका आठवड्यात बसू शकते. आईच्या औषधांच्या डब्यात अशा रिकाम्या पट्ट्या सापडल्या त्या मी मोजल्या नाहीत, मोजवल्याच नाहीत. गुडघ्यासाठी शेक, व्यायाम, आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, यावर तिचं भागतंय.

पावसाळ्यात तर विशेष सांभाळायचं. स्टेशनकडे जाताना तुंबलेल्या पाण्यातून आपण सगळेच चालतो. त्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरं यांची लघवी मिसळलेली असते आणि पायावरच्या साध्या भेगेतून लेप्टोचे जंतू आत जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात ही साथ आपण पाहिली आहे. ताप, पोटऱ्या फोडून काढणारं दुखणं, लाल डोळे आणि कमी झालेली लघवी, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाण्यातून चाललो होतो हे आपणहून सांगा. वेळेत उपचार मिळाले तर यातली किडनी बहुतेकदा पूर्ण सुधारते. जखमेला प्लास्टर आणि पायात गमबूट, एवढं तरी करा.

मुतखडा होऊ नये म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पुरतं. कमरेतून जांघेकडे जाणारी कळ आणि सोबत थंडी-ताप आला तर मात्र वाट बघू नका. लहान मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले तर ‘झोप जास्त झाली’ म्हणून सोडू नका, लघवी तपासा. आई किंवा वडिलांच्या किडनीत पाण्याच्या गाठींचा आनुवंशिक आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते.

खाण्याबद्दल थोडंच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचाभर. ताटातलं लोणचं, पापड आणि संध्याकाळचं फरसाण त्यातच धरायचं. कमी सोडियमचं मीठ किडनीच्या पेशंटने विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असतं. नारळपाण्याचंही तेच. आणि स्टारफ्रूट, चांदणीसारख्या चकत्यांचं ते आंबट फळ, किडनीच्या आजारात अजिबात नाही, त्याने मेंदूवर परिणाम होतो. उलट, ‘किडनी धुऊन निघते’ म्हणून पाच लिटर पाणी पिण्याने काही धुतलं जात नाही, आणि आजार पुढे गेलेला असेल तर तेच पाणी अंगावर सूज होऊन येतं.

शेवटचं माझ्या कामातलं. ईजीएफआर तिसाच्या खाली आला की पुढे डायलिसिस लागू शकतं, आणि त्यासाठी हाताच्या शिरेला धमनी जोडून फिस्तुला करतात. ती शीर चांगली राहायला हवी. म्हणून उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डावा हात राखून ठेवायचा: त्यातून रक्त द्यायचं नाही, सलाईन लावून घ्यायचं नाही. रक्त उजव्या पंजाच्या मागच्या बाजूने घेता येतं. थोडं जास्त दुखतं, पण घेता येतं. हॉस्पिटलच्या गडबडीत हे कुणी विचारत नाही, तुम्हीच सांगायचं. आईच्या डाव्या दंडाला मी कुणाला पट्टा बांधू देत नाही. आज ती ७४ वर्षांची आहे, क्रिएटिनिन १.८, चार वर्षं जवळपास तिथेच आहे, आणि दर तीन महिन्यांनी तिची डबी मीच घेऊन जाते.